म्हातारी लेकीकडेच का गेली?

मैत्रिणींनो, लहान मुलाला झोपवताना नेहमीच्या गोष्टीतला एखादा शब्द मुद्दाम बदलून बघा. चिऊताईचं घर शेणाचं आणि काऊदादाचं मेणाचं असं म्हटलंत, की अर्धवट झोपेतलं पोर ताडकन उठून बसतं आणि आपल्याला सुधारतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला गोष्ट जशीच्या तशी हवी असते. तिथे काना-मात्रेचा फरक चालत नाही. पण तेच मूल शाळेत जायला लागलं, की एक दिवस विचारतं, ‘‘आई, मेणाचं घर उन्हात वितळलं नाही का गं?’’

आपल्या बारामती-इंदापूरकडच्या मुलाला हा प्रश्न पडणारच. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरात दुपार काढलेल्या पोराला मेणाचं काय होतं ते वेगळं सांगावं लागत नाही. शेणानं सारवलेली जमीन किती गार लागते, हेही त्याला आजीच्या घरी कळलेलं असतं. मग गोष्ट उलटी फिरते. पावसाळ्यात काऊ चिऊच्या दारात आला होता, आता उन्हाळ्यात चिऊ बाळाला पोटाशी धरून काऊच्या दारात येते. आता काऊची पाळी. ‘‘थांब, मी अंघोळ करतोय, थांब, मी पावडर लावतोय!’’ मुलं खदखदून हसतात. आणि हसता हसता एखादी चुणचुणीत पोर विचारते, ‘‘बाळाची अंघोळ, तीट, पावडर, सगळं चिऊच करत होती. मग चिमणा कुठं गेला होता?’’

आता द्या उत्तर!

जुन्या गोष्टी अशा गमतीनं फिरवून सांगण्याविषयी आज थोडं बोलायचं आहे. हा विषय निघाला की घरातली मोठी माणसं लगेच कपाळाला आठ्या घालतात. ‘‘पूर्वापार चालत आलेल्या गोष्टींची मोडतोड कशाला? मुलांवर संस्कार कसले होणार?’’ त्यांची काळजी खोटी नाही. आजीच्या तोंडून आलेली गोष्ट हा घरातला ठेवाच असतो, आणि ठेव्याला हात लावताना माणूस बिचकतो. पण गोष्टीला हात लावायचा नाही, हा नियम आपल्या परंपरेनं तरी कधी पाळला?

बारामतीकरांनी लांब जायलाच नको. आपले कविवर्य मोरोपंत (१७२९-१७९४) मूळचे पन्हाळ्याचे, पण आयुष्य गेलं ते बारामतीत. रामकथा त्यांच्याआधी वाल्मीकींनी सांगितली होती, एकनाथांनी सांगितली होती. तरी पंतांनी एक नाही, दोन नाही, एकशे आठ रामायणं रचली असं परंपरा सांगते. प्रत्येकात काही तरी नवी युक्ती. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. म्हणजे ज्यात ओठाला ओठ लावावा लागेल असं प, फ, ब, भ, म यांतलं एकही अक्षर वापरायचं नाही. आता ‘राम’ या शब्दातच ‘म’ आहे! अख्खं रामायण सांगायचं आणि ‘राम’ म्हणायचं नाही, असा खेळ भक्तिभावानं खेळणारा माणूस आपल्या गावचा. त्यांच्या भक्तीला त्या खेळानं कुठे बाधा आली नाही.

पंत विद्वान होते, ग्रंथ लिहीत होते. पण ज्यांच्या हातात लेखणी नव्हती त्या बायकांनीही हेच केलं. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईच्या ओवीत सीतामाई राणी राहत नाही, ती सासुरवाशीण होते. तिचा वनवास हा दळणाऱ्या बाईचा स्वतःचा वनवास होतो. आणि हादग्याच्या, भोंडल्याच्या गाण्यांत तर आपल्या आज्या-पणज्यांनी धमालच केली आहे. बायकोनं केलेले लाडू चेंडू समजून खेळायला घेणारा वेडा नवरा तुम्हालाही आठवत असेल. एरवी नवऱ्याचं नाव घ्यायचीसुद्धा ज्यांना चोरी, त्या पोरी फेर धरून नवऱ्याच्या वेडेपणावर गाणी म्हणत होत्या, आणि घरातली मोठी माणसं ती कौतुकानं ऐकत होती. तमाशातली गवळण घ्या. कृष्ण आणि गौळणींच्या त्या पवित्र कथेत पुरुषानं रंगवलेली मावशी लचकत येते आणि साक्षात भगवंताला उलट प्रश्न विचारते. नाथांच्या भारुडांविषयी तर वेगळं काय सांगायचं? आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते, तेव्हा वारीतली भारुडं ऐकून हसून हसून आपले डोळे ओले होतात. आणि ते ओले डोळे नुसत्या हसण्याचे नसतात.

साहेबाच्या देशातही गोष्टी काही दगडावर कोरलेल्या नव्हत्या. हिमगौरीची गोष्ट जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापली, तेव्हा मुलीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनीच तिला सावत्र आई करून टाकलं. आईचं नाव खराब व्हायला नको म्हणून सावत्र आईचं नाव खराब झालं, आणि जगभरच्या सावत्र आया त्याची किंमत अजून मोजताहेत. म्हणजे आपण ज्याला ‘मूळ गोष्ट’ म्हणून जपतो, तीसुद्धा कुणी तरी, कुठल्या तरी हेतूनं बदललेलीच असते.

तेव्हा बदलावी की नाही हा प्रश्नच नाही. खरा प्रश्न असा, की बदलताना हसायचं कुणाला?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण गोष्टी फिरवून विनोद करण्याचं पीक सध्या मोबाइलवर जोरात आहे. त्यातला सिंड्रेलाचा विनोद काय? तर लग्नानंतर ती इतकी जाड झाली की बुटात पाय जाईना. सावित्रीचा विनोद काय? तर सात जन्म हीच बायको म्हटल्यावर सत्यवानच यमाला म्हणाला, मला घेऊन जा. सासू खाष्ट, सून आळशी, बायको बडबडी. गोष्ट नवी, पण हसण्याचं गिऱ्हाईक तेच जुनं. आपणही हे विनोद वाचतो, हसतो आणि पुढे चार जणींना पाठवतो. असल्या गोष्टीत फिरवलं काही जात नाही. आधीच पडलेल्याला आणखी एक धक्का दिला जातो, एवढंच.

आपल्या कहाण्या याबाबतीत फार शहाण्या आहेत. श्रावणातली खुलभर दुधाची कहाणी आठवा. राजानं फर्मान काढलं, की गावातलं सगळं दूध महादेवाला. शिपायांच्या धाकानं लोकांनी वासरांना पाजलं नाही, पोरांना दिलं नाही. घागरीवर घागरी ओतल्या, गाभारा भरेना. मग एक म्हातारी आली. तिनं घरातल्या लेकरांना दूध दिलं होतं, वासरांना पाजलं होतं, सुना-नातवंडांचा जीव शांत केला होता. उरलेलं खुलभर दूध तिनं देवाला वाहिलं आणि गाभारा काठोकाठ भरला. आपल्या भागात घरोघर जनावरं आणि रोज सकाळी डेअरीवर रांग. त्यामुळे ही कहाणी आपल्याला अधिकच कळते. संकलनाची वेळ गाठायची म्हणून घरातल्या पोराच्या कपात पाणी घालणाऱ्या आयांना तर ती आरपार कळते. तिच्यात हसू आहे, पण ते राजाचं आहे, त्याच्या फर्मानाचं आहे. म्हातारीचं कुणी हसू करत नाही.

विजय तेंडुलकरांनी मुलांसाठी नाटकं लिहिली, त्यातल्या एकाचं नाव आहे ‘राजाराणीला घाम हवा’. नावातच सगळं आलं! ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांच्याकडे एकच गोष्ट नाही, आणि ती उन्हात राबणाऱ्या माणसाकडे ढिगानं आहे. कॅनडातल्या रॉबर्ट मन्श या लेखकानं १९८० साली एक राजकन्या लिहिली. ड्रॅगननं तिचा महाल आणि कपडे जाळले, राजपुत्राला पळवून नेलं. ही कागदी पिशवी अंगात घालून निघाली आणि ड्रॅगनला फुशारक्या मारायला लावून दमवून झोपवलं. राजपुत्र सुटला, तर म्हणतो काय, ‘‘तुझा अवतार काय! नीट राजकन्येसारखी नटून ये.’’ तिनं त्याच्याशी लग्नच केलं नाही. इथेही हसू झालं ते तोऱ्याचं.

आता तुम्हाला वाटेल, हे सगळं मुलांच्या करमणुकीपुरतं ठीक. आपल्या रोजच्या जगण्याशी त्याचा काय संबंध? म्हणून एक अनुभव सांगते.

आम्ही काही जणी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावांत बचत गटांच्या बैठकांना जातो. हिशेब झाला, सह्या-अंगठे झाले, की घटकाभर गप्पा. अशाच एका बैठकीत मुलांच्या सुट्टीचा विषय निघाला आणि ‘‘आपण पोरांना गोष्टीच सांगत नाही हल्ली’’ असं कुणी तरी म्हणालं. मी म्हटलं, चला, प्रत्येकीनं एक जुनी गोष्ट सांगायची, पण तिला एक प्रश्न विचारायचा. पहिली गोष्ट निघाली ती अर्थातच भोपळ्यातल्या म्हातारीची. लेकीकडे चाललेली हाडकुळी म्हातारी, वाटेत वाघ-कोल्हे, लेकीकडे तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते म्हणून त्यांना दिलेला वायदा, आणि परत येताना भोपळ्याची गाडी. सगळ्यांना पाठ.

आता प्रश्न काय विचारायचा? एक सून हळूच म्हणाली, ‘‘म्हातारी एवढी वाळलीच कशी? तिच्या घरी जेवण नव्हतं का?’’

बायका हसल्या. दुसरी लगेच म्हणाली, ‘‘घरी मुलगा-सून असतील की. म्हणून तर लेकीकडं गेली.’’ पुन्हा हशा. पण या हशाला थोडी कड होती, कारण खोलीत सासवाही होत्या आणि सुनाही. तिसरी सून म्हणाली, ‘‘सुनेला कशाला नावं ठेवता? डब्याची किल्ली तिच्याकडं होती का, ते विचारा आधी.’’ मग कोपऱ्यातून साठीच्या एक मावशी बोलल्या. एरवी त्या बैठकीत फार बोलत नाहीत. म्हणाल्या, ‘‘आवं ताई, ते तूप खाल्लं, समदं खरं. पर वाटण्या झाल्या तवा त्याच लेकीची सही कुणी घेतली?’’

खोलीत एकदम शांतता पसरली.

त्या शांततेचा अर्थ आपल्या भागातल्या बाईला समजावून सांगायला नको. कालव्याच्या पाण्यानं इथली जमीन सोन्याच्या भावाची झाली. आणि तेव्हापासून हक्कसोड पत्रावर सही करून ‘माहेर राखणाऱ्या’ लेकी घरोघरी झाल्या. साडी-चोळी मिळते, भाऊबीज चालू राहते, आणि आई आजारी पडली की फोन मात्र लेकीलाच येतो. त्या बैठकीत ‘माझ्या भावानं’ असं एकही बाई म्हणाली नाही. लहान गावात म्हणताही येत नाही, संध्याकाळपर्यंत ते भावाच्या घरी पोचतं. पण म्हातारीच्या आडून सगळं बोलता आलं. गोष्टीतल्या लेकीला भाऊ असला तरी तो काही भांडायला येत नाही!

मग सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे नेली. म्हातारी भोपळ्यात बसून परत निघाली. वाटेत वाघानं अडवलं, ‘‘म्हातारे, कुठं चाललीस?’’ म्हातारी आतून म्हणाली, ‘‘सातबाऱ्यावर लेकीचं नाव लावायला.’’ वाघ दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, ‘‘मग जा बाई, तुला मी काय खाणार? तिथं माझ्याहून मोठी जनावरं बसलीत!’’ त्या हशानं समाजमंदिराचे पत्रे उडतील की काय असं वाटलं. सगळ्यांत जास्त त्या मावशीच हसत होत्या, पदर तोंडाला लावून.

हसून झाल्यावर एकीनं विचारलं, ‘‘पण खरंच लावता येतं का हो नाव?’’ गोष्टीनं दार उघडलं होतं, आता माहिती आत येऊ शकत होती. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोड करायचं की नाही ही त्या बाईची मर्जी, तिच्यावर सक्ती करता येत नाही. आणि वाळलेल्या म्हातारीसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याखाली आई-वडील प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करू शकतात, आणि जबाबदारी मुलगा व मुलगी दोघांची. हीच माहिती मी आधी भाषण करून सांगितली असती, तर निम्म्या जणी स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून उठल्या असत्या.

दुसरी गोष्ट राजकन्येची. राजाला मूल नसतं, नवस-सायास होतात. मग एक साधू आंबा देतो आणि राणीला होतो तो राजपुत्रच. तो मोठा होतो, राक्षस मारतो, अर्धं राज्य आणि राजकन्या बक्षीस. या गोष्टीला काळानंच अशी काही मुरड घातली आहे, की आपण वेगळी घालायची गरज नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या सोलापुरात नवरदेवांचा मोर्चा निघाला. मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजत गाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर. मागणी काय, तर आम्हाला बायको द्या, आणि गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा कडक राबवा. राजपुत्र घोड्यावर बसून आले, पण राजकन्याच जन्माला आलेल्या नाहीत! २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८९४. त्या मोर्चातल्या तरण्या पोरांना हसण्यात अर्थ नाही. त्यांनी निदान नेमका कायदा मागितला. हसायचं असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या साधूकडे आंबा मागताना ‘मुलगाच दे’ म्हणणाऱ्या राजवाड्याला हसा. त्या राजवाड्यात कधी कधी आपणही राहत असतो.

नुसत्या हसण्यानं सातबाऱ्यावर नाव चढत नाही आणि म्हातारीच्या ताटात तूपही पडत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी अर्ज लागतो, हेलपाटे लागतात, वाईटपणा घ्यावा लागतो. पण जे बोलायचीच चोरी आहे त्याचा अर्ज कोण करणार? आधी शब्द फुटावा लागतो. आपल्या बायकांचा शब्द ओवीतून फुटला, हादग्यातून फुटला, तसा तो गोष्टीतूनही फुटेल.

करून बघणार असाल तर दोन-चार गोष्टी सांभाळा. आधी मुलांना मूळ गोष्ट नीट सांगा, चार-पाच वेळा सांगा. ज्याला काऊ-चिऊच माहीत नाही, त्याला उलटे काऊ-चिऊ ऐकून हसू कसं येणार? हल्लीच्या मुलांना परदेशी कार्टूनं तोंडपाठ आहेत आणि घरची गोष्ट नवी आहे, अशी गत आहे. दुसरं, पूजेपुढची कहाणी पूजेपुढे जशी आहे तशीच वाचा. ज्यांची श्रद्धा आहे त्यांचं मन दुखवून कुणाचंच भलं होत नाही. खेळ करायचा तो झोपतानाच्या गोष्टीशी, शेतात खुरपताना, गौरीच्या जागरणाला. तिसरं, तात्पर्य सांगू नका. ‘‘म्हणून मुलांनो, मुलगा-मुलगी समान’’ असं शेवटी जोडलंत, की गोष्टीचा शाळेतला फळा होतो. एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा. आणि चौथं, ही गोष्ट मुलींना सांगताना मुलग्यालाही शेजारी बसवा. चिमणा कुठं गेला होता हे त्यालाही कळू दे.

या श्रावणात आवडती आणि नावडती राणी तुमच्या घरी येतीलच. वर्षानुवर्षं आपण नावडतीची कीव करत आलो आणि आवडतीचा राग. या वेळी मुलांना विचारा, या दोघी एका बचत गटात आल्या, तर पहिल्या बैठकीत राजाविषयी काय बोलतील? बघा मुलं काय सांगतात ते. आणि त्यांनी सांगितलेलं आवडलं, तर पुढच्या बैठकीत आम्हालाही ऐकवा.